निळ्या ड्रममधली काळी माती

सुरतेत आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी आठ दिवस दोऱ्यावर औषध मारत होते. दोऱ्यावर म्हणजे खरोखरच दोऱ्यावर. उधन्याच्या आमच्या बिल्डिंगमागे लूमची खाती, म्हणजे कापड विणायचे कारखाने होते. दिवसभर त्यांचा खडखडाट चालायचा आणि तिथून उडालेली सुताची तूस वाऱ्याबरोबर येऊन गॅलरीतल्या झाडांवर बसायची. हे मला कुठे ठाऊक? मी सांगलीची, शाळेत शिकवणारी, त्यामुळे पुस्तकावर भारी विश्वास. बागकामाच्या पुस्तकात पिठ्या किडीचं चित्र होतं आणि माझ्या जास्वंदीच्या देठांवर हुबेहूब तसंच पांढरं, कापसासारखं काहीतरी दिसत होतं. मग काय, साबणाचं पाणी, कडुनिंबाचं तेल, सकाळ-संध्याकाळ मारा सुरू. आठव्या दिवशी पानं साबणानेच पिवळी पडली. तेव्हा शेजारच्या गॅलरीतून आवाज आला, "बाई, आधी फुंकर मारून पाहा ना."

मी फुंकर मारली. पांढरं सगळं उडून गेलं.

"उडालं तर धागा, चिकटून बसलं तर कीड," शेजारीण म्हणाली. "सुरतेत हे आधी शिकावं लागतं. मीबी पहिल्या साली एक जास्वंद धुऊन धुऊन मारली."

ही इंदूताईंची आणि माझी पहिली भेट. पुढची सात वर्षं आमचं जवळजवळ सगळं बोलणं त्या दोन गॅलऱ्यांमधल्या कमरेएवढ्या भिंतीवरूनच झालं. त्या माझ्या घरी किती वेळा आल्या हे आजही बोटांवर मोजता येईल. शिष्टपणा म्हणून नव्हे, त्यांना यायला मिळायचंच नाही.

इंदूताई अमळनेरकडच्या. त्यांचे यजमान, पाटीलभाऊ, कडोदऱ्याच्या एका खात्यात लूमवर कारागीर होते. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. मूलबाळ नव्हतं. घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई, त्यांना सगळे जिजी म्हणत. आम्ही राहायला आलो तेव्हा जिजींना लकवा होऊन पाच वर्षं झाली होती. उजवी बाजू गेलेली, बोलणं तोंडातल्या तोंडात, पण डोळे आणि डावा हात शाबूत. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतील. इंदूताईंनी ते असं मनावर घेतलं की जिजींच्या अंगावर कधी साधा लाल डागसुद्धा उठला नाही. मोठे दीर गावाकडे होते, त्यांची शेती होती, सुना होत्या. पण सुरतेत दवाखाने चांगले, असं त्यांचं ठाम मत होतं. त्या दवाखान्यांचं कौतुक ते आठवणीने पत्रात लिहीत.

म्हणजे इंदूताईंचा दिवस दोन-दोन तासांचे तुकडे पाडून वाटलेला होता. भाजी दोरीला बांधलेल्या टोपलीतून वर यायची. खाली उतरायच्या त्या औषधासाठी किंवा दळणासाठी, तेही धावत, आणि धावतच परत. एरवी घरातली ती खोली, आणि ही आठ फुटांची गॅलरी. तुम्ही कंटाळत नाही का, असं मी एकदा विचारलं होतं. असले प्रश्न विचारायची मला तेव्हा सवय होती. त्या म्हणाल्या, कंटाळा यायलाबी मोकळा वेळ लागतो.

त्या आठ फुटांत त्यांनी बारा ड्रम बसवले होते. रंगाई-छपाईच्या मिलमधून येणारे निळे प्लास्टिकचे ड्रम सुरतेत कुठेही मिळतात. ते आडवे अर्धे कापले, बुडाला भोकं पाडली की झाल्या दोन कुंड्या. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी हेच केलं होतं, आणि सगळ्यांची झाडं मरत होती. कारण ड्रममध्ये आधी कसलं रसायन होतं हे कुणालाच माहीत नसायचं. इंदूताई ड्रम आणला की सात पाणी धुवायच्या, आणि मग त्यात कुठलंही झाड न लावता आधी मूठभर मेथी पेरायच्या. पाचव्या दिवशी मेथी हिरवीगार वर आली तर ड्रम पास. पिवळी आली किंवा आलीच नाही, तर ड्रम कपडे भिजवायला. तळमजल्यावरच्या जशुबेन, ज्यांचे यजमान कतारगामला हिरे घासायचे, त्या नवीन ड्रम आणला की खालूनच ओरडून विचारायच्या, "इंदुबेन, मेथी नाखूं?" म्हणजे टाकू का, आणि वरून उत्तर यायचं, "नाखो, नाखो."

खरं तर अख्ख्या बिल्डिंगची बाग त्या तिसऱ्या मजल्यावरून चालायची. कुणी कुंडीच उचलून घेऊन यायचं, कुणी नुसतं पान. पानावरून त्या निदान करायच्या. टोक जळलंय म्हणजे बोरचं खारं पाणी घालताय. सकाळी नळाचं पाणी येतं त्यातलं दोन तांबे झाडाला ठेवा. पान सगळंच पिवळं म्हणजे पाणी जास्त. कुंडी विटेवर उचला, बुडाचं भोक बुजलंय ते मोकळं करा. कढीपत्ता वाढत नाही? आंबट ताक पातळ करून घाला. तुळस सुकतेय? मंजिऱ्या खुडा, ती बी धरून बसली की तिचं सगळं बळ तिकडे जातं. गुलाब दसऱ्यानंतर छाटायचे, निर्दयपणे, पेन्सिलीएवढी काडी ठेवून. चैत्र लागला की कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवायच्या, वर जुनं लुगडं बांधायचं, आणि दुपारी झाड कितीही मान टाकू दे, तेव्हा पाणी घालायचं नाही. तापलेल्या मातीत पाणी म्हणजे मुळांना उकड. "झाड बोंबलत नाही ना, बाई," त्या म्हणायच्या, "म्हणून आपल्या मनाले येईल तेव्हा आपण ओतत राहतो."

हिवाळ्यात वालाच्या वेलावर मावा पडायचा. काळ्या, चिकट, बारीक किडी, कोवळ्या शेंड्यांना लगडलेल्या. त्यावर इंदूताईंचा उपाय म्हणजे जिजींची तपकीर. चिमूटभर तपकीर पाण्यात भिजवायची, गाळायची, त्यात थोडा साबण, आणि फवारा. जिजींना तपकीर म्हणजे प्राण. डब्बी त्यांच्या डाव्या हाताशी उशीखाली असायची. कूस बदलताना इंदूताई अल्लाद एक चिमूट काढून घ्यायच्या. पण म्हातारी वस्ताद. एकदा मी भिंतीशी उभी असताना आतून रागारागाचं पुटपुटणं ऐकू आलं. इंदूताई पदराने तोंड दाबून बाहेर आल्या आणि मला सांगितलं, "म्हणते, तुझ्या वेलाले सर्दी झाली का?" मीसुद्धा हसले. पण पुढच्या वेळी जिजींनी स्वतःच डब्बी पुढे केली म्हणे, आणि संध्याकाळी पलंगावरून दिसेल असा वेल बांधून घेतला. त्या दोघींचं भांडण आणि गूळपीठ एकाच खोलीत नांदायचं. कुठलं कधी सुरू आहे हे आम्हाला बाहेरून कळायचं नाही.

एक तेरावा ड्रमही होता, आता त्याच्याकडे येते. बारा ड्रम एका रांगेत, आणि कोपऱ्यात, आमच्या भिंतीला लागून, हा तेरावा. यात कागदी लिंबाचं झाड होतं आणि निव्वळ काळी माती. सगळ्या बिल्डिंगला इंदूताईंचा पहिला धडा हाच असायचा की काळी माती कुंडीत नको. वावरात ती सोनं असेल. कुंडीत पावसाळ्यात चिखल होते, मुळं कुजवते, आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की घातलेलं पाणी कडेने सरळ खाली वाहून जातं. निम्मी पोयट्याची माती घ्या, तापीची रेती घ्या, शेणखत घ्या. आणि त्यांच्या स्वतःच्या कोपऱ्यात मात्र भेगाळलेली काळी ढेप आणि तिच्यात गुडघ्याएवढं खुरटं लिंबू, ज्याला मी राहायला आल्यापासून एकसुद्धा फूल आलं नव्हतं. मी चिडवलं की वैद्याच्याच घरी रोगी. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा कडक झाला. "ती आमच्या वावरची माती आहे," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. जिजींची कूस बदलायची वेळ झाली नव्हती, हे मला तोवर घड्याळ न बघता कळायला लागलं होतं.

ती माती दर वर्षी त्यांचा भाऊ आणायचा. लोटनभाऊ, उंच, काळा, टोपी घातलेला, फार न बोलणारा माणूस. अक्षय्य तृतीयेला खानदेशात अखाजी म्हणतात, आणि तिथल्या सासुरवाशिणींना दिवाळीपेक्षा अखाजी मोठी. लेकी माहेरी येतात, दारातल्या कडुनिंबाला झोके बांधतात, गौराई बसवतात, चार दिवस कुणी त्यांना कामाला हात लावू देत नाही. इंदूताईंचे आईवडील आधीच गेले होते. माहेर म्हणजे लोटनभाऊ, आणि दारातला तो निंब. अखाजीच्या दोन-तीन दिवस आधी लोटनभाऊ बहिणीला न्यायला यायचा, खांद्यावर मातीची गोणपाटाची पिशवी घेऊन. एक दिवस राहायचा. आणि एकटाच परत जायचा. इंदूताई ड्रममधला वरचा थर काढून नवी माती भरायच्या, आणि काढलेली माती आमच्या कुंड्यांच्या मिश्रणात घालून टाकायच्या. म्हणजे थोडं थोडं खानदेश बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्याच कुंडीत होतं.

त्र्याण्णव सालच्या अखाजीला मी पुढाकार घेतला. शाळेला सुट्टी होती. आठ दिवस मी जिजींचं बघते, पाटीलभाऊ पाळीवरून आले की ते बघतील, असं मी ठरवूनच टाकलं. इंदूताईंनी मला तीन दिवस शिकवलं. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आधी उशी, मग पाय, ओढायचं नाही, वळवायचं. झाडांसाठी त्यांनी मला वेगळी यादी दिली. लोटनभाऊ आला. इंदूताईंनी हिरवं लुगडं नेसलं, जे मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, आणि पिशवी भरून त्या जिजींच्या पाया पडायला वाकल्या. जिजींनी डाव्या हाताने त्यांचा पदर धरला.

नुसता धरून ठेवला. इंदूताईंनी एकेक बोट हलकेच सोडवलं. शेवटचं बोट सुटेपर्यंत पहिली दोन पुन्हा आवळलेली असायची. असं तीनदा झालं. लोटनभाऊ दारात चपला घालून उभा होता, मी पलंगाशी. मग इंदूताईंनी बोटं सोडवायचं थांबवलं, तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि भावाकडे न बघता म्हणाल्या, "यंदा नही जमाव, भाऊ. पुढला साले इसू." पुढल्या वर्षी येईन, एवढं ऐकून लोटनभाऊ त्याही वेळी एकटाच गेला.

मला त्या म्हातारीचा संताप आला होता. पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं, कारण तिला उचलायची मला भीती वाटत होती. ते इंदूताईंनी ओळखलं असणार. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला त्यांच्या गुलाबाचं कलम दिलं, आणि माझ्याशी नेहमीपेक्षा जास्त गोड बोलल्या. त्याची मला अजून लाज वाटते.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात प्लेगची बातमी फुटली आणि सुरत रिकामी व्हायला लागली. आम्हीही निघालो. दोन तासांत बिल्डिंग ओस पडली. निघताना ज्याने त्याने आपापल्या कुंड्या इंदूताईंच्या दाराशी आणून ठेवल्या. त्या थांबणार आहेत का, हे कुणी विचारलंच नाही. जिजींना हलवता येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. पाटीलभाऊही थांबले. मीसुद्धा माझी जास्वंद आणि चार गुलाब ठेवून, चावी त्यांच्या हातात देऊन, नाकाला रुमाल बांधून जिना उतरले. तीन आठवड्यांनी परत आलो तेव्हा एकही झाड मेलेलं नव्हतं. जशुबेनच्या तुळशीच्या मंजिऱ्यासुद्धा खुडलेल्या होत्या. गुलाबांची छाटणी झाली होती.

भिंतीशी उभ्या राहून मी आभार मानायला लागले तर त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, पाणी भरपूर होतं, टाकी अख्खी माझी एकटीची. मग जरा वेळाने, ड्रममधलं गवत उपटता उपटता, माझ्याकडे न बघता बोलल्या. "इथून स्टेशनाचा रस्ता दिसतो ना. आमच्याकडचे लोक गठुडी घेऊन पळत होते. भुसावळच्या गाडीले. आमच्याच गावचे दोन जण मी ओळखले. तेव्हा मले जिजीचा राग आला, बाई. भलता राग आला. म्हटलं, ही मरत का नाही. मग वेळ झाली, जाऊन कूस बदलली." गवत त्यांनी मुळासकट उपटलं, माती झटकली आणि पिशवीत टाकलं. मी म्हटलं, चहा ठेवू का? त्या म्हणाल्या, ठेवा.

जिजी गेल्या सत्त्याण्णवच्या माघात, झोपेत, पाठीवर एकही जखम नसलेल्या. इंदूताई रडल्या, आणि मला वाटलं त्याहून खूप जास्त रडल्या. मी मनात म्हटलं, चला, आता या अखाजीला तरी. पण अखाजीला माहेरच्या झोक्यांइतकीच घरच्या पितरांची घागर असते, आणि वर्षात माणूस गेलेल्या घरात पहिल्या अखाजीला त्या माणसाच्या नावाची नवी घागर सुनेने भरायची असते. लोटनभाऊ आला, माती दिली, घागरीवर ठेवायला डांगराचं फळ आणलं होतं तेही दिलं, आणि एकटाच परत गेला. एकटं परत जाण्याची ही अकरावी खेप. मेल्यावरही म्हातारीने पदर सोडला नाही, असं मी पाटीलभाऊंच्या देखत बोलून गेले आणि मग जीभ चावली.

अठ्ठ्याण्णवच्या अखाजीला इंदूताई माहेरी गेल्या. बारा वर्षांनी. तेच हिरवं लुगडं नेसून, लोटनभाऊच्या मागोमाग. पंधरा दिवस राहणार होत्या. झाडांची यादी मला पाठ होती. रिक्षा वळेपर्यंत मी आणि जशुबेन गॅलरीतून हात हलवत होतो आणि जशुबेन रडत होत्या.

चौथ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या ड्रमांवर जुनं लुगडं नीट बांधत होते तर आतून दार उघडल्याचा आवाज आला. इंदूताई. हातात पिशवी, तोंडावर धूळ. काय झालं, कुणी काही बोललं का, म्हणून मी विचारत राहिले. कुणी काही बोललं नव्हतं. भावजयीने पुरणाच्या पोळ्या केल्या होत्या, मांडे केले होते, ताटावरून उठू देत नव्हती. निंबही होता तिथेच, आणि भाच्यांनी त्यांना पहिला मान देऊन झोक्यावर बसवलं होतं.

"दोन झोके घेतले," त्या म्हणाल्या, "अन् एकदम वाटलं, वेळ झाली. चालत्या झोक्यावरून उतरले मी, बाई. घरात पळत गेले. खोलीत कोणी नाही, नुसता पलंग. मग आठवलं. पोरी हसल्या, मीबी हसले. पण मग तेच. दर दोन तासाले. हात पुढे व्हायचे. भाऊचा जीव कासावीस व्हायला लागला माझ्याकडे पाहून, म्हटलं, जाते."

त्या ड्रमांच्या रांगेवरून नजर फिरवत गेल्या, माती बोटाने उकरून ओल पाहिली. मी बऱ्यापैकी पास झाले होते. तेराव्या ड्रमपाशी मात्र त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. या खेपेला त्यांनी माती आणली नव्हती.

जूनमध्ये माझ्या यजमानांच्या बँकेची बदलीची ऑर्डर आली. आम्ही निघालो त्या दिवशी मृग लागला होता, पाऊस अजून नव्हता. टेम्पोत सामान चढत होतं आणि मी खाली उभी राहून हमालांवर विनाकारण ओरडत होते. तेवढ्यात पाटीलभाऊ आणि इंदूताई तो निळा ड्रम दोन्हीकडून धरून जिना उतरत आले. टाकीच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीशी एक खड्डा खणून तयार होता; कधी खणला कुणास ठाऊक. इंदूताईंनी ड्रम आडवा केला, बुडावर दोन थापा मारल्या, आणि ती काळी ढेप झाडासकट बाहेर आली, ड्रमच्याच आकाराची. तिच्याभोवती मुळं गुंडाळलेली होती, एकावर एक, कडेकडेने गोल फिरत गेलेली. त्यांनी आम्हाला सगळ्यांना शिकवलेलं होतं की असं झाड जमिनीत तसंच लावलं तर मुळं तिथेही गोलच फिरतात, बाहेर जमीन आहे हे त्यांना कळत नाही. ती कापावी लागतात. हे सांगणं सोपं होतं. इंदूताई कोयता हातात घेऊन जरा वेळ नुसत्या बसून राहिल्या. मग त्यांनी चारी बाजूंनी उभे काप दिले, ढेप हाताने फोडली, काळी माती खालच्या पिवळ्या मातीत मिसळली आणि झाड लावलं. पानं लगेच माना टाकायला लागली.

"जगेल का?" मी विचारलं.

"पंधरा दिवस रडेल," त्या म्हणाल्या. "मग पाहू."

त्या उठल्या, हात झटकले, आणि सहज वर पाहिलं. पाहतच राहिल्या. सतरा-अठरा वर्षं त्या बिल्डिंगमध्ये काढलेली बाई, पण खाली आली ती नेहमी धावत, आणि धावताना कोण वर बघतं? तिसऱ्या मजल्यावर बारा निळ्या ड्रमांची रांग दिसत होती, त्यावर बांधलेलं लुगडं, आणि कोपऱ्यात एक मोकळी जागा. इंदूताईंनी मातीचा हात कपाळाशी धरून डोळ्यांवर सावली केली.

"ती आपली गॅलरी?" त्यांनी पाटीलभाऊंना विचारलं. "एवढीशी?"

पाटीलभाऊ खाली बघत कोयता पुसत होते. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, मी इंदूताईंचे हात धरले, जशुबेनच्या गळ्यात पडले, आणि पुढे जाऊन बसले. टेम्पो फाटकातून वळताना मी मागे पाहिलं. पाटीलभाऊ रिकामा ड्रम घेऊन जिना चढत होते. इंदूताई नुकत्याच लावलेल्या लिंबाशेजारी तशाच उभ्या होत्या, मान वर करून, आणि त्यांना वर जायची काही घाई दिसत नव्हती.